नऊ दिवस दारू नाही, तरी झोकांड्या: एका प्रकरणात सल्ला कोणाकडे आणि कसा मागितला

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे व्यसनमुक्ती केंद्र. १५ खाटा, दोन समुपदेशक, एक परिचारिका. मानसोपचारतज्ज्ञ फक्त गुरुवारी येतात. जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, ५५ किलोमीटरवर. रुग्णाचा उल्लेख श्री. म. असा केला आहे. ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि काही तपशील बदलले आहेत.

श्री. म., वय ४४, एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथ ऑपरेटर. १९ वर्षे दारू, त्यातली शेवटची सहा वर्षे रोज. पगार झाला की विदेशी, एरवी देशी. विदेशीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के प्रमाणाने साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि ते रोज दोन क्वार्टर घेत. दारू पिण्याची सवय मोजणाऱ्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत ४० पैकी २७ गुण आले. २० आणि त्यापुढे गुण असले की अवलंबित्वाची शक्यता धरून पुढची तपासणी करायची असते.

पाच आठवड्यांपूर्वी ग्रामीण रुग्णालयात त्यांना फुफ्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. वजन ५२ किलो, म्हणून रोज चार एकत्रित गोळ्या. प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. ‘दारू आणि या गोळ्या एकत्र चालणार नाहीत’ एवढे तिथे सांगितले गेले होते. दारू कशी सोडायची, हे कोणीच बोलले नव्हते.

केंद्रात आले तेव्हा

सोमवारी सकाळी पत्नी आणि मेहुणा त्यांना घेऊन आले. मेहुण्याचे म्हणणे सरळ होते: हे चोरून पितात, चालताना झोकांड्या जातात, रात्री ओरडतात, बायकोवर संशय घेतात, तीस दिवस ॲडमिट करून टाका. श्री. म. एवढेच म्हणत राहिले, “नऊ दिवस झाले, थेंब घेतला नाही.”

रुग्ण पिणे नाकारतो, घरचे पितो म्हणतात, हे दृश्य कोणत्याही केंद्रात रोजचे असते. बहुतेक वेळा घरचे बरोबर असतात, आणि त्या सवयीमुळेच अशा वेळी फसगत होते. समुपदेशक ताईंनी दोघांपैकी कोणाचेही म्हणणे आधी मान्य न करता तपासता येईल ते तपासले. श्वास विश्लेषकावर शून्य. दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या मोजपट्टीवर ६७ पैकी ५. हा त्रास शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत सुरू होतो, झटके साधारण पहिल्या ४८ तासांत येतात, भान हरपून बरळण्याची गंभीर अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येते. नवव्या दिवशी पहिल्यांदाच वाढत जाणारी लक्षणे या वेळापत्रकात बसत नव्हती.

मग परिचारिकेने चालून दाखवायला सांगितले. पाय फाकवून चालणे, वळताना भिंतीचा आधार. हात थरथरत नव्हते, जीभ अडखळत नव्हती. तळपायाला मुंग्या. सहा दिवसांपासून मळमळ, दुपारी अर्धी भाकरीही जात नाही. वार आणि महिना बरोबर सांगितला, तारीख चुकली. चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडून डोके आपटले होते, पण हे विचारल्यावरच कळले. क्षयरोगाच्या गोळ्यांची पाकिटे मागवून मोजली: गेल्या नऊ दिवसांतले चार दिवस चुकले होते.

का चुकले? श्री. म. यांच्याकडे त्याचे कारण तयार होते. नऊ दिवसांपूर्वी एक क्वार्टर घेतली तेव्हा तोंड लालबुंद झाले, छाती धडधडली, उलट्या झाल्या, जीव जातो की काय असे वाटले. “टीबीच्या गोळ्यांनीच ते झालं. म्हणून एक दिवसाआड घेतो.”

पत्नीने सांगितलेली गोष्ट

नातेवाइकांशी वेगळे बोलण्याची केंद्राची रीत आहे. दार लागल्यावर पत्नीने पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. “ताई, ह्यांना कळू देऊ नका. मेडिकलवाल्यानं दिल्यात. तीन आठवडे झाले, रोज सकाळी पोह्यात एक कुस्करून घालते.” स्ट्रिपवर नाव होते डायसल्फिराम, २५० मिलिग्रॅम.

‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर अजून दिसतात, तेव्हा या बाईंना दोष देऊन काही हाती लागणार नव्हते. पण या एका स्ट्रिपने सगळ्या तक्रारींचा अर्थ बदलला. डायसल्फिराम शरीरात अल्कोहोलचे विघटन अर्ध्यावर अडवते आणि असिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ साचतो. लाली, धडधड, उलट्या त्यानेच होतात. म्हणजे श्री. म. यांनी क्षयरोगाच्या गोळ्यांवर घेतलेला संशय चुकीचा होता आणि त्या चुकीपायी ते बरे करणाऱ्या गोळ्या चुकवत होते. शिवाय डायसल्फिराम आणि आयसोनियाझिड एकत्र गेले तर चक्कर, तोल जाणे, स्वभावात बदल होऊ शकतात, हे माहीत असलेले आहे. दोन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात, हा आणखी एक धोका.

समुपदेशकाने निदान करायचे नसते. पण कोणत्या शक्यता खुल्या आहेत, हे ओळखल्याशिवाय योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता येत नाही. इथे किमान पाच शक्यता होत्या: दोन औषधांचा एकत्र परिणाम, यकृत बिघडून मेंदूवर आलेला ताण, थायमिनच्या (जीवनसत्त्व ब१) कमतरतेने मेंदूला होणारा वेर्निक आजार, डोक्याला मार लागून आतला रक्तस्राव, आणि क्षयरोगच मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणे. यातली एकही गोष्ट गुरुवारपर्यंत थांबवण्यासारखी नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला, केंद्रात दाखल करणे. घरच्यांना तेच हवे होते. पण केंद्रात रात्री डॉक्टर नसतो आणि गोळ्या अर्ध्यामुर्ध्या घेतलेला क्षयरुग्ण इतर १४ जणांच्या खोलीत झोपवणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे होते.

दुसरा, गावातल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून’ पाहणे. हा मेहुण्याचा आग्रह. अशक्तपणा म्हटले की ग्लुकोजची बाटली, ही आपल्याकडची रीत इथे धोक्याची होती. वर्षानुवर्षे पिणाऱ्या, जेवण तुटलेल्या माणसाला थायमिन न देता ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिन संपून वेर्निक आजार उफाळू शकतो. हे कारण मेहुण्याला समजावून सांगितल्यावर त्याने आग्रह सोडला.

तिसरा, ‘पुढील उपचारासाठी’ एवढी चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवणे. खरे तर सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग हाच. दारूचा इतिहास असलेला, तोल जाणारा, चिडका माणूस अशा चिठ्ठीनिशी अपघात विभागात पोहोचला की ‘प्यायलेला आहे’ म्हणून बाकावर बसवला जातो.

चौथा, आधी फोनवर बोलून, लेखी टिपणासह, केंद्राचा माणूस बरोबर देऊन आजच पाठवणे. ताईंनी हा घेतला.

पहिला फोन फसला, दुसरा लागला

मानसोपचारतज्ज्ञांना पहिला फोन झाला तो असा: “सर, एक पेशंट आहे, दारूचा. चिडचिड, संशय आहे, झोप नाही. बघून घ्याल का?” उत्तरही त्याच मापाचे आले: झोपेची एक गोळी सुचवली आणि गुरुवारी बघू म्हणाले. प्रश्नात ना दारू बंद झाल्याचा दिवस होता, ना क्षयरोग, ना चालणे.

दहा मिनिटांनी दुसरा फोन झाला. या वेळी कागद समोर ठेवून चार गोष्टी क्रमाने सांगितल्या: आत्ता काय दिसते, आधीचे काय, आमचा अंदाज काय, तुमच्याकडून नेमके काय हवे. “दारू बंद होऊन नऊ दिवस, श्वासात शून्य, तोल जातोय आणि वाढतोय. क्षयरोगाची औषधे पाच आठवडे, त्यात तीन आठवडे नकळत डायसल्फिराम. मळमळ, डोक्याला मार. माझे दोन प्रश्न आहेत: आज सिव्हिलला पाठवायचे का, आणि आजच्या क्षयरोगाच्या गोळ्या द्यायच्या की थांबवायच्या?” दीड मिनिटात उत्तर आले: आत्ता पाठवा, झोपेची गोळी देऊ नका, गोळ्यांचे मी फिजिशियनशी बोलतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत ताईंनी पाळलेली मर्यादा महत्त्वाची आहे. पत्नीने आधी तोच प्रश्न त्यांना विचारला होता. पोह्यातली गोळी कोणत्याच डॉक्टरने लिहून दिलेली नव्हती, ती बंद करा हे त्यांनी लगेच सांगितले. क्षयरोगाच्या गोळ्या मात्र दुसऱ्या खात्याच्या डॉक्टरांनी चालू केलेल्या. त्यावर ‘थांबवा’ किंवा ‘द्या’ म्हणणे त्यांच्या अधिकारात नव्हते. उत्तर येईपर्यंत पत्नीला एवढेच सांगितले, की अर्ध्या तासात विचारून सांगते.

टिपणात काय लिहिले

एक पान, वर प्रश्न, खाली माहिती. मजकूर साधारण असा:

“विनंती: दारू बंद झाल्यापासून ९ दिवसांनी वाढत असलेला असमतोल आणि संशयीपणा यांचे कारण तपासावे. डायसल्फिराम व आयसोनियाझिडचा एकत्र परिणाम, यकृत, थायमिन कमतरता, डोक्याची इजा, क्षयरोगाचा मेंदूवर परिणाम या शक्यता विचारात घ्याव्यात. औषधे: क्षयरोगाच्या ४ एकत्रित गोळ्या, ५ आठवडे, मागील ९ पैकी ४ दिवस चुकले. डायसल्फिराम २५० मिग्रॅ रोज, ३ आठवडे, शेवटची मात्रा आज सकाळी. रुग्णाला माहीत नाही, कृपया आमच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्यासमोर उल्लेख नको. श्वासात अल्कोहोल शून्य, सकाळी ११.१० वाजता. मळमळ ६ दिवस, आहार निम्म्याहून कमी. डोक्याला मार ४ दिवसांपूर्वी. ग्लुकोजपूर्वी थायमिनचा विचार व्हावा. संध्याकाळी ६ वाजता आम्ही फोन करू.”

हे टिपण घरच्यांच्या हाती न देता बंद पाकिटात परिचारिकेबरोबर पाठवले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाच्या आजारांचाही समावेश आहे आणि त्याचे कलम २३ गोपनीयतेचे आहे. उपचारासाठी लागणारी माहिती उपचार करणाऱ्या इतर आरोग्य व्यावसायिकांना देण्याची मुभा त्याच कलमात आहे. तरीही श्री. म. यांना “तुमच्या चालण्याबद्दल आणि औषधांबद्दल मोठ्या डॉक्टरांना लिहून देते” असे सांगून त्यांची सही घेतली. इथे एक चूक झाली ती वेगळीच: दुसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट कोणीतरी केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर नावासकट टाकले. त्या गटात दोन स्वयंसेवक होते. फोटो काढून टाकायला लावला, पण तोवर तो उघडला गेला होता.

सिव्हिलमध्ये: कोणाचे ऐकायचे

डोक्याचे सीटी स्कॅन ठीक निघाले. थायमिन शिरेतून सुरू झाले. ताप नाही, मान आखडलेली नाही, म्हणून मेंदूच्या आवरणाच्या क्षयाची शक्यता मागे पडली, तरी फिजिशियनने ती नोंदीत ठेवली. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी १४८, बिलिरुबिन १.४.

इथे मतभेद झाले. क्षयरोग विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे म्हणणे: दारू पिणाऱ्याचे यकृत असेच असते, गोळ्या थांबवल्या तर जंतू औषधाला दाद न देणारे होण्याची भीती. फिजिशियनचे म्हणणे: यकृत अजून बिघडले तर सगळेच थांबेल. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. हा वाद पदाने सुटला नाही, आकड्याने सुटला. एसजीपीटीची वरची मर्यादा ४० धरली तर १४८ म्हणजे ३.७ पट. लक्षणे नसतील तर पाच पटीपर्यंत लक्ष ठेवून औषधे चालू ठेवता येतात. मळमळ, भूक जाणे, कावीळ अशी लक्षणे असतील तर तीन पटीलाच थांबवायची. म्हणजे निर्णय एका प्रश्नावर आला: मळमळ खरोखर आहे का, आणि कधीपासून? वॉर्डात श्री. म. “काही त्रास नाही” म्हणत होते, कारण त्यांना घरी जायचे होते. केंद्राच्या टिपणातल्या ‘मळमळ ६ दिवस, आहार निम्म्याहून कमी’ या ओळीमुळे क्षयरोगाची चारही औषधे थांबली. मधल्या काळात काय द्यायचे हे क्षयरोग विभागाने ठरवले.

बाराव्या दिवशी एसजीपीटी ८० च्या खाली आली. मग आधी रिफाम्पिसिन, ते सोसल्यावर आयसोनियाझिड आणि त्याबरोबर पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व ब६), अशी एकेक करून औषधे परत सुरू झाली. पायराझिनामाइड परत दिले नाही, त्यामुळे उपचार सहाऐवजी नऊ महिन्यांचा झाला. तळपायाच्या मुंग्या उतरायला दोन महिने लागले. चालणे मात्र दहा-बारा दिवसांत सुधारले.

दारूच्या ओढीसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी तीन औषधे तपासली. नाल्ट्रेक्सोन यकृतामुळे बाजूला ठेवले. अकॅम्प्रोसेटचा यकृताशी संबंध नाही, पण दिवसाला चार ते सहा गोळ्या. क्षयरोगाच्या गोळ्यांत त्यांची भर घातली की दोन्ही चुकणार. उरले बॅक्लोफेन. मूत्रपिंडाचा रिपोर्ट ठीक होता, पण बॅक्लोफेनने गुंगी येते आणि माणूस आधीच तोल सांभाळत होता. म्हणून चालणे सुधारेपर्यंत थांबून ५ मिग्रॅ तीन वेळा, मग १० मिग्रॅ तीन वेळा. ते अचानक बंद करायचे नाही, हे पत्नीला आणि गावच्या आशा सेविकेला वेगळे सांगितले.

त्यांना सांगायचे कसे

डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडेही राहू शकतो. त्या काळात श्री. म. प्यायले असते, तर जिवावर बेतले असते. द्राक्षासवासारख्या आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असते आणि क्षयरोगात अंगात ताकद यावी म्हणून तीच घरोघरी दिली जातात. म्हणजे न सांगणे हा पर्यायच नव्हता. पण सांगितल्यावर पत्नीला मार पडणार नाही याची खात्री कोण देणार?

ताईंनी केंद्राच्या पर्यवेक्षकांशी चर्चा केली आणि पत्नीशी पुन्हा एकट्याने बोलल्या. मारहाण कधी होते, पिऊन की शुद्धीत. वस्तूने मारले आहे का. गळा धरला आहे का. आज रात्री घरी जायची भीती वाटते का. मारहाण प्यायल्यावर, हाताने, वर्षात दोन-तीनदा, शुद्धीत नाही. कमी धोका म्हणावा असे हे नाही, पण तातडीने घराबाहेर काढावे असेही नव्हते. महिला हेल्पलाईन १८१ आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांची माहिती त्यांना दिली. मग पत्नीच्या संमतीने ठरले: दाखल असतानाच, फिजिशियनने सांगायचे, मेहुणा खोलीत, पत्नी बाहेर.

फिजिशियन थोडक्यात बोलले: घरून दिलेल्या एका गोळीने हे झाले, काळजीपोटी दिली, पण न सांगता द्यायला नको होती, पुढचे दोन आठवडे थेंबही घेतलात तर जीव जाऊ शकतो. श्री. म. यांनी आरडाओरडा केला नाही. पण पुढचे चार दिवस घरचा डबा परत पाठवला आणि कँटीनचे खाल्ले. समुपदेशनाचा पुढचा महिना दारूपेक्षा या डब्यावरच जास्त गेला.

सर्वात उपयोगी सल्ला

तो डॉक्टरांकडून आला नाही. चौथ्या दिवसापासून श्री. म. एकच म्हणत होते: कामावर जायचे आहे, पगार बुडतोय. मशीनवर परत जाण्याची घाई म्हणजे औषधे अर्धवट आणि संध्याकाळी गेटबाहेरचा बार. सिव्हिलच्या समाजसेवा अधीक्षकांनी कार्ड पाहून विचारले, ईएसआय कापला जातो ना? राज्य कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, क्षयरोग दीर्घकालीन आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षे नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर वाढीव आजारपण लाभात दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. केंद्रात कोणालाच हे माहीत नव्हते. कागदपत्रांना पाच आठवडे लागले, पण घाई त्या दिवशीच कमी झाली.

दरम्यान कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांचा केंद्राला फोन आला: “आमचा माणूस तुमच्याकडे आहे का? दारू सुटली का?” केंद्राने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, लेखी संमतीशिवाय कोणाबद्दलही बोलत नाही, एवढेच सांगितले. पुढे श्री. म. यांच्या संमतीने जे पत्र गेले ते रुग्णालयाचे होते, आणि त्यात उपचार व रजेचा कालावधी होता. दारूचा शब्द नव्हता. लेथवर काम करण्यास योग्य आहे की नाही, हे प्रमाणपत्र समुपदेशकाने देऊ नये. बॅक्लोफेन चालू असलेल्या माणसाचे तर नाहीच.

निष्पत्ती

नऊ महिन्यांनी क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाला. दारू पाचव्या महिन्यात एका लग्नाच्या वरातीत झाली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ते स्वतः केंद्रात आले. मुलीची क्षयरोग तपासणी झाली, तिला काही निघाले नाही. पतिपत्नींत बोलणे आहे, पण श्री. म. अजून स्वतःचा चहा स्वतः करून घेतात.

काय वेगळे करता आले असते

क्षयरोगाचे निदान झाले त्याच दिवशी तिथून केंद्राला फोन आला असता, तर पत्नीवर मेडिकल दुकानात जायची वेळ कदाचित आली नसती. आता तालुक्याचे क्षयरोग पर्यवेक्षक आणि केंद्र महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोनवर बोलतात: नवीन रुग्णांत पिणारे कोण, आणि केंद्रातल्या रुग्णांत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणारे कोण. दोन्हीकडे यादी लेखी ठेवली तरच हे टिकते; पहिल्या दोन महिन्यांत ते तोंडी होते आणि दोन नावे राहून गेली.

सिव्हिलकडून केंद्राला लेखी उत्तर आले ते १९ दिवसांनी, तेही मागितल्यावर. फोनवर कळलेल्या गोष्टी ताईंनी त्या-त्या वेळी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे पद टाकून नोंदवल्या होत्या, म्हणून औषधांची साखळी हरवली नाही. पाठवतानाच टिपणाला उत्तराचा कोरा भाग जोडला असता (निदान, थांबवलेली औषधे, पुढची तारीख), तर वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने तो दोन मिनिटांत भरला असता.

प्रवेश अर्जात एक प्रश्न वाढवला आहे: “दारू सोडवण्यासाठी घरून त्यांना न सांगता काही देता का? गोळी, पावडर, काढा?” तो नातेवाइकाला एकट्यात विचारायचा. आई, बायको आणि भाऊ तिघे आले असतील तर तिघांनाही वेगवेगळे, कारण देणाऱ्याने बाकीच्या दोघांनाही सांगितलेले नसते.